सव्वाअकरानंतर बिघडलेल्या फ्रेम्स: दुर्बिणीवरच्या दवाचं एक प्रकरण

एका स्नेह्यांनी पाठवलेल्या ७२ फ्रेम्सपासून हे प्रकरण सुरू झालं. महाश्व तारकासमूहातली एन.जी.सी. ७३३१ ही दीर्घिका, पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर्स, रात्री पावणेनऊपासून पहाटे सव्वातीनपर्यंतचं काम. पहिल्या २७ फ्रेम्स पाहण्यासारख्या होत्या. दीर्घिकेच्या एका बाजूची धुळीची पट्टी कच्च्या फ्रेममध्येसुद्धा दिसत होती. पुढे मात्र चित्र हळूहळू उतरत गेलं. आधी तारे किंचित लांबट झाले, मग तेजस्वी ताऱ्यांभोवती दुधाळ वलयं आली, मग मंद तारे गळायला लागले आणि शेवटच्या फ्रेम्समध्ये दीर्घिकेचा फक्त गाभा उरला.

सोबत त्यांचा निरोप होता. "आकाश अगदी लख्ख होतं, पण अकराच्या सुमारास विरळ ढग आले असणार. त्याच वेळी गाइडिंगही सुटायला लागलं, म्हणजे माउंटच्या गिअरमध्येही काहीतरी आहे. बारानंतर दव पडलं, ते मी वाळवलं. माउंट उघडावा का, जरा बघून सांगाल?"

माउंट म्हणजे दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवणारं यंत्र, आणि गाइडिंग म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून त्याला सतत दिलेल्या दुरुस्त्या. त्यांच्या हिशेबाने एकाच रात्री तीन वेगळी संकटं आली होती: ढग, माउंट आणि दव. तिन्हींचं मूळ एकच निघालं. ते ज्या वेळेला दव पडलं असं समजत होते, त्याच्या दोन तास आधी ते पडायला लागलं होतं, आणि मुख्य दुर्बिणीवर नव्हे तर दुसऱ्याच काचेवर.

साहित्य आणि जागा

मुख्य दुर्बीण २०३ मिलिमीटर व्यासाची श्मिट-कॅसेग्रेन, रिड्यूसर (केंद्रांतर कमी करणारं भिंग) लावून सुमारे १२८० मिलिमीटर केंद्रांतराची. तिच्या पाठीवर गाइडिंगसाठी ५० मिलिमीटरचा छोटा गाइड स्कोप. उणे दहा अंशांपर्यंत थंड केलेला कॅमेरा, विषुववृत्तीय माउंट, बारा व्होल्टची बॅटरी. दुर्बिणीच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची, जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीची ड्यू शील्ड, म्हणजे दवापासून आडोसा देणारी पुढे आलेली नळी, होती. गाइड स्कोपला त्याची मूळची तीनेक सेंटिमीटरची टोपी, बस्स. हीटर कुठेच नव्हता.

जागा उघड्या गवताळ मैदानात, थोड्या खोलगट भागात. आकाश चारही बाजूंनी मोकळं, वारा जवळजवळ नाही. छायाचित्रणासाठी अशी रात्र सगळ्यांनाच हवी असते, आणि दवालाही नेमकी हीच लागते. निरभ्र आकाश, स्थिर हवा, ओली जमीन आणि उतारावरून खाली येऊन साचणारी थंड हवा, सगळं तिथे होतं.

श्मिट-कॅसेग्रेनची एक मुळातली अडचण आहे. तिची करेक्टर प्लेट, म्हणजे पुढची पातळ काच, नळीच्या अगदी तोंडाशी असते. न्यूटोनियन परावर्तकात मुख्य आरसा नळीच्या तळाशी असतो, त्यामुळे नळीच त्याची शील्ड होते. तिथे आधी दव धरतो तो दुय्यम आरसा. बहुतेक अपवर्तक दुर्बिणींना बऱ्यापैकी लांब शील्ड जोडूनच येते. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये मात्र सगळ्यांत मोठी आणि पातळ काच सगळ्यांत उघडी असते. पातळ असल्याने तिच्यात उष्णतेचा साठाही कमी, ती झटकन थंड होते.

दोन नोंदी, दोन वेळा

माउंट उघडण्याआधी मी त्यांच्याकडून तीन गोष्टी मागवल्या: गाइडिंगच्या नोंदींची फाइल, प्रत्येक फ्रेममधल्या मोजता येणाऱ्या ताऱ्यांची संख्या, आणि तापमान-आर्द्रतेच्या नोंदी. शेवटच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या हे आमचं नशीब. बरेच जण त्या ठेवत नाहीत आणि मग सगळा अंदाजपंचे कारभार होतो.

गाइड ताऱ्याच्या सिग्नलचं गोंगाटाशी असलेलं गुणोत्तर रात्री सव्वादहापर्यंत ४०च्या आसपास स्थिर होतं. दहा चाळीसला ते २५ झालं, अकराला १०, आणि अकरा-दहाला "गाइड तारा हरवला" अशी नोंद. त्यांनी दुसरा, अधिक तेजस्वी तारा निवडला आणि गाइडिंग कसंबसं चालू राहिलं. मुख्य कॅमेऱ्यात मात्र अकरा वाजेपर्यंत प्रत्येक फ्रेममध्ये नऊशेच्या घरात तारे होते. सव्वाअकराला ७८०, साडेअकराला ५००, बाराला दीडशे.

या दोन आकड्यांच्या रांगा शेजारी ठेवल्या की ढगांची शंका तिथेच मिटते. ढग दोन्ही दुर्बिणींसमोर एकदमच येतो. इथे गाइड स्कोप मुख्य दुर्बिणीच्या पाऊण तास आधी आंधळा व्हायला लागला होता. दुसरं असं की विरळ ढगांत तेज खाली-वर होतं, मध्येच एखादी फ्रेम चांगली येते. इथली घसरण एकाच दिशेने, गुळगुळीत, एकदाही न सावरणारी होती. काचेवर धुकं धरतं तेव्हा आलेख असाच उतरतो.

माउंटचीही सुटका झाली. गिअरचा दोष ठरावीक कालावधीने पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, कारण तो वर्मच्या, म्हणजे माउंट फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरच्या, फेऱ्याशी बांधलेला असतो. नोंदींमध्ये तसं काही नव्हतं. तारा जितका मंद आणि पसरट होत गेला तितक्या दुरुस्त्या वेड्यावाकड्या होत गेल्या. सॉफ्टवेअरला ताऱ्याचं केंद्र सापडेना, ते गोंगाटाचा पाठलाग करत माउंटला ढोसत राहिलं. लांबट तारे त्यातून आले. मी त्यांना कळवलं, "माउंटला हात लावू नका, तो निर्दोष आहे."

एक शक्यता अजून तपासायची होती. थंड केलेल्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरच्या काचेवर आतल्या आत बाष्प धरतं, विशेषतः आतला शोषक जुना झाला असेल तर. त्याचं चित्र निराळं असतं. फ्रेमच्या मध्यावर डाग दिसतो आणि तो कॅमेरा थंड करताच वाढत जातो. त्यांनी घरी कॅमेरा उणे दहावर नेऊन फ्लॅट पॅनलसमोर, म्हणजे सारखा उजेड देणाऱ्या पॅनलसमोर, तासभर फ्रेम्स काढल्या. डाग नाही. कॅमेराही सुटला.

हवा नव्हे, काच किती थंड?

आता त्या रात्रीच्या हवेकडे पाहू. आठ वाजता तापमान २१ अंश, सापेक्ष आर्द्रता ६८ टक्के. दहा वाजता साडेअठरा अंश, ८० टक्के. अकराला १७.२ अंश, ८७ टक्के. एक वाजता साडेपंधरा अंश, ९४ टक्के.

आर्द्रतेचे आकडे पाहिले की रात्रभर हवेत ओल वाढत गेली असं वाटतं. तसं झालं नव्हतं. या आकड्यांवरून दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प दव होऊन उतरायला लागतं तो, काढला तर आठ वाजता १४.९, दहाला १५.०, अकराला १५.०, आणि एकला १४.५ अंश येतो. हवेतलं बाष्प जवळपास तेवढंच राहिलं, शेवटी तर जमिनीवर दव उतरल्यामुळे ते थोडं कमी झालं. खाली येत होतं ते हवेचं तापमान. म्हणून माझ्या मते आर्द्रतेचा टक्का डोळ्यांसमोर ठेवून काम करणं फसवं आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू यांच्यातलं अंतर धरावं. त्या रात्री ते सहा अंशांवरून साडेतीनवर, मग २.२वर आणि शेवटी एकावर आलं. जागेवर पटकन अंदाज हवा असेल तर एक ढोबळ नियम चालतो: आर्द्रता शंभरपेक्षा जितके टक्के कमी, त्याला पाचाने भागलं की हे अंतर अंशांत मिळतं. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या वर असताना हा नियम बऱ्यापैकी जुळतो.

पण एक प्रश्न उरतोच. अकरा वाजता हवा दवबिंदूपेक्षा दोन अंशांहून अधिक गरम होती, मग काचेवर दव आलं कसं? कारण काच हवेपेक्षा थंड होती.

प्रत्येक पृष्ठभाग अवरक्त लहरींच्या रूपात उष्णता बाहेर टाकत असतो. आजूबाजूच्या वस्तूही त्याच्याकडे तेवढीच परत टाकतात, म्हणून हिशेब जुळतो. निरभ्र आकाश मात्र फार थोडी परत देतं. साधारण ८ ते १३ मायक्रॉनच्या पट्ट्यात वातावरण बरंच पारदर्शक असतं आणि त्या खिडकीतून उष्णता थेट वर निघून जाते. आकाशाकडे पूर्ण तोंड केलेली वस्तू अशा रात्री चौरस मीटरमागे साधारण ५० ते १०० वॅट गमावते. हवा स्थिर असेल तर हा तोटा हवेकडून पुरता भरून येत नाही, आणि वस्तू आसपासच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश, कधी त्याहून जास्त, खाली जाते. विल्यम चार्ल्स वेल्स या वैद्यांनी १८१४ साली दवावरच्या आपल्या निबंधात हेच मांडलं. त्यांनी लोकरीचे पुंजके वजन करून रात्री उघड्यावर ठेवले. फळीच्या वर ठेवलेल्या पुंजक्याने दव भरपूर घेतलं, फळीखालच्याने फारच कमी. गवत आधी हवेपेक्षा थंड होतं आणि मग त्यावर दव धरतं, हा क्रम त्यांनी तापमापी लावून दाखवला.

हे जागेवर तपासायला उपकरण लागत नाही. उभ्या गाडीचा टप ओलाचिंब असतो तेव्हा बाजूच्या उभ्या काचा बऱ्याचदा कोरड्या असतात. हवा दोन्हींना एकच. टपाला सगळं आकाश दिसतं, बाजूच्या काचेला निम्मं, आणि तेही क्षितिजाजवळचं. क्षितिजाकडे हवेचा थर जाड असल्यामुळे तिथलं आकाश माथ्यावरच्यापेक्षा उबदार असतं. दुर्बीण डोक्यावर रोखलेली असताना दव लवकर येतं ते यामुळेच, आणि एन.जी.सी. ७३३१ त्या रात्री बराच काळ माथ्याजवळ होती.

रंगाबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. पांढरी नळी कमी थंड होते असं लोक सांगतात. दिवसा उन्हात रंगाने फरक पडतो. रात्रीच्या अवरक्त लहरींत पांढरा, काळा, नारिंगी असे जवळपास सगळे रंग सारखेच, म्हणजे भरपूर, उष्णता टाकतात. काचही त्यातलीच. वेगळा वागतो तो चकचकीत उघडा धातू. म्हणून नळीवर अॅल्युमिनियमचा चमकता पत्रा गुंडाळला की ती हवेच्या तापमानाजवळ राहते.

शील्ड किती लांब?

हे सगळं एकदा लक्षात आलं की उपायाचा क्रम आपोआप ठरतो. आधी काचेला दिसणारं आकाश कमी करायचं. मग जो थोडा तोटा उरेल तेवढाच हीटरने भरून काढायचा. बरेच जण उलट करतात, आधी मोठा हीटर घेतात आणि शील्ड राहू देतात.

काचेच्या व्यासाएवढ्याच तोंडाची सरळ नळी धरली तर काचेतून निघणाऱ्या उष्णतेपैकी किती वाटा थेट आकाशाकडे जातो, हे भूमितीने काढता येतं. शील्डची लांबी व्यासाच्या पाऊणपट असेल तर २५ टक्के. व्यासाएवढी असेल तर १७. दीडपट असेल तर ९. दुप्पट केली तर साडेपाच. म्हणजे पाऊणपटीवरून दीडपटीवर जाण्यात मोठा फायदा आहे, दीडपटीपुढे तो झपाट्याने आटतो. शिवाय लांब शील्डमध्ये वारा भरून दुर्बीण थरथरते. म्हणून दीडपट हे माप मला सगळ्यांत शहाणपणाचं वाटतं. स्नेह्यांची शील्ड नेमकी पाऊणपट होती. गाइड स्कोपची टोपी त्याच्या व्यासाच्या ०.६ पट, म्हणजे तिथून जवळपास एक तृतीयांश उष्णता सरळ वर जात होती. गाइड स्कोप आधी का आंधळा झाला, त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं त्याच्या भिंगाच्या लहान वस्तुमानात आहे.

तरीही नुसत्या २५ टक्क्यांनी मुख्य काच इतकी थंड व्हायला नको होती. खरी गोम शील्डच्या पातळपणात होती. पातळ प्लास्टिकची बाहेरची बाजू आकाशाला उष्णता देऊन थंड होते आणि आतली बाजू तिच्यामागोमाग. मग काचेसमोर आकाशाऐवजी थंड भिंत उभी राहते. शील्डला चांगला उष्णतारोधक जाडपणा हवा. बंद छिद्रांचा सहा-आठ मिलिमीटर जाडीचा फोम, जसा चटयांमध्ये वापरतात, तो उत्तम. बाहेरून चमकता पत्रा असेल तर आणखी चांगलं. आतून काळं फेल्ट लावलं की भटका प्रकाशही मरतो.

हेअर ड्रायरने काय साधलं?

बारा वीसला त्यांनी टॉर्च तिरकी धरून करेक्टर प्लेट पाहिली. काच दुधासारखी पांढरी. त्यांनी ती पुसली नाही, हे फार बरं केलं. दवाच्या थेंबांत हवेतली धूळ अडकलेली असते. कापड फिरवलं की ती धूळ काचेवरच्या परावर्तनरोधक लेपावर घासली जाते, आणि तो ओरखडा कायमचा. त्यांनी हेअर ड्रायर मंद ठेवून दहा मिनिटांत काच स्वच्छ केली.

पुढच्या चार फ्रेम्समध्ये ताऱ्यांची संख्या साडेआठशेवर परत आली. पण ताऱ्यांची रुंदी ३.१ विकलांवरून ४.६ विकलांवर गेली होती (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). गरम काचेमागे नळीत हवेचे प्रवाह सुरू झाले आणि फोकसही सरकला. एक-दहापर्यंत काच पुन्हा धुरकट. ड्रायरने काच गरम होते, पण ज्या तोट्यामुळे ती थंड झाली तो तसाच चालू राहतो. नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्याला मधूनमधून ड्रायर फिरवणं जमतं. रात्रभर आपोआप चालणाऱ्या छायाचित्रणात ते कामाचं नाही.

अशा धुरकट फ्रेम्स नंतर फ्लॅट्स, म्हणजे सारख्या उजेडासमोर काढलेल्या फ्रेम्स, लावून सुधारतील, ही आशाही सोडावी. फ्लॅट्समुळे उजेडाचा असमानपणा दुरुस्त होतो. दवाचे थेंब प्रकाश विखुरतात, ताऱ्याचा प्रकाश त्याच्या जागेवरून उचलून आजूबाजूला सांडतात. तो परत गोळा करता येत नाही.

आधीच थांबवणं किती स्वस्त पडतं, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. त्या काचेचं क्षेत्रफळ सुमारे ०.०३२ चौरस मीटर. तिच्यावर दवाचा सरासरी ०.०२ मिलिमीटर जाडीचा थर धरला तर पाणी होतं ०.६५ ग्रॅम. ते उडवायला सुमारे १६०० ज्यूल लागतात. एक वॅट निव्वळ त्या कामाला मिळाला तरी सत्तावीस मिनिटं जातात, आणि काच दवबिंदूच्या वर नेण्याचा खर्च वेगळा. उलट काच कोरडी असताना, चांगल्या शील्डखाली, तिचा तोटा एका वॅटच्याही आत राहतो.

हीटर

पट्टी घरीच केली. नळीचा परीघ सुमारे ७२ सेंटिमीटर. दर तीन सेंटिमीटरला एक, असे ३३० ओहमचे चोवीस रेझिस्टर समांतर जोडले. बारा व्होल्टला प्रत्येकी ०.४४ वॅट, एकूण साडेदहा वॅट, प्रवाह ०.८७ अँपिअर. अर्ध्या वॅटचे रेझिस्टर इथे मर्यादेच्या अगदी काठावर येतात आणि बॅटरी पूर्ण भरलेली असताना व्होल्टेज बाराच्या वर असतं, म्हणून एक वॅटचे घेतले. गाइड स्कोपला असेच सहा रेझिस्टर, २.६ वॅट. दोन्हींना स्वतंत्र पी.डब्ल्यू.एम. नियंत्रक, म्हणजे वीज क्षणात चालू क्षणात बंद करून सरासरी कमी-जास्त करणारा.

पट्टी कुठे बांधायची, यावर निम्मं यश अवलंबून असतं. ती करेक्टर प्लेटच्या धातूच्या कड्यावर हवी आणि तिच्यावरून शील्ड आली पाहिजे. पट्टी उघडी राहिली तर निम्म्याहून अधिक उष्णता बाहेरच्या हवेला जाते. इथे फोमची शील्डच पट्टीचं पांघरूण झाली.

दुसरी गोष्ट काचेच्या स्वभावाची. काच उष्णतेची फार वाईट वाहक आहे, अॅल्युमिनियमच्या जवळजवळ दोनशेव्या हिश्शाने वाहते. कडेला दिलेली उष्णता काचेतून मध्यापर्यंत सहज पोहोचत नाही. मध्यभाग उबदार राहतो तो मुख्यतः कड्याने आणि शील्डने आतली हवा कोमट ठेवल्यामुळे, आणि त्याला वेळ लागतो. हीटर उशिरा लावला की कडेची काच कोरडी आणि मध्यावर बसवलेल्या दुय्यम आरशाभोवती मात्र धुरकट कडं, असं दृश्य टॉर्चच्या उजेडात दिसतं. म्हणून हीटर संध्याकाळीच, दव येण्याच्या कितीतरी आधी, मंद चालू करायचा.

दुसरी रात्र

तशाच हवेच्या एका रात्री, त्याच जागी, आम्ही दोघांनी मिळून सगळं लावलं. मुख्य दुर्बिणीला ३० सेंटिमीटरची फोमची शील्ड, गाइड स्कोपला दहा सेंटिमीटरची फोमची नळी, दोन्हींना हीटर. काचेच्या कडेला चिकटवलेला तापमापी आणि मैदानात, पण आकाशापासून आडोशाला ठेवलेला तापमान-आर्द्रतेचा सेन्सर. तो उघड्यावर ठेवला तर स्वतःच थंड होऊन चुकीचं सांगतो.

सुरुवातीला मुद्दाम हीटर पूर्ण क्षमतेने चालवून पाहिला. अर्ध्या-पाऊण तासात काचेची कड हवेपेक्षा पाच अंश वर गेली आणि ताऱ्यांची रुंदी ३.० विकलांवरून ३.९वर. दव नाही, पण तारे फुगलेले. "मग ड्रायरमध्ये आणि यात फरक काय राहिला हो?" स्नेह्यांनी विचारलं. फरक नियंत्रकाच्या बटणात होता. तो ४० टक्क्यांवर आणला. कड हवेच्या दीड-दोन अंश वर येऊन स्थिरावली आणि तारे पुन्हा ३.१वर.

लक्ष्य आम्ही असं ठरवलं: कडेची काच दवबिंदूपेक्षा अडीच अंश वर. इतकं कशाला, एक अंश पुरेसा नाही का? कागदावर पुरतो. पण मध्यभाग कडेपेक्षा थंड असतो. शिवाय आम्ही वापरले त्या साध्या तापमापींची चूक अर्ध्या अंशापर्यंत असू शकते, आणि आर्द्रतेत दोन टक्क्यांची चूक झाली की दवबिंदूत अंशाचा तिसरा भाग इकडेतिकडे होतो. या सगळ्यांची बेरीज आधीच बाजूला काढून ठेवावी लागते.

रात्री एक वाजता हवा १५ अंश, आर्द्रता ९५ टक्के, दवबिंदू १४.२. मैदानातल्या खुर्च्या, माउंटचे पाय, बॅटरीचं झाकण, सगळं पाण्याने निथळत होतं. बोट फिरवलं की नळीच्या मागच्या भागावरून थेंब ओघळत. शील्डच्या आत मात्र करेक्टर प्लेटची कड १६.८ अंशांवर होती. टॉर्च तिरकी धरली तेव्हा काचेवर फक्त लेपाची हिरवट झाक दिसली. गाइड ताऱ्याचं गुणोत्तर रात्रभर ३८ ते ४२. ताऱ्यांची संख्या नऊशेवरून तीन वाजेपर्यंत ८६०वर आली, आणि ती घट दीर्घिका पश्चिमेला कलल्यामुळे अपेक्षितच होती.

विजेचा हिशेबही सांगायला हवा, कारण उघड्या मैदानात तोच निर्णायक ठरतो. दोन्ही हीटर पूर्ण चालवले असते तर आठ तासांत ८.७ अँपिअर-तास गेले असते. ४० टक्क्यांवर साडेतीन लागले. कॅमेऱ्याचं शीतकरण आणि माउंट त्याच बॅटरीवर असताना हा फरक मोठा आहे. हीटरची तार बॅटरीपासून स्वतंत्र घ्यावी. नियंत्रकाच्या चालू-बंद होण्याने व्होल्टेजला हलके धक्के बसतात, आणि बारीक सामायिक तारेवरून ते कॅमेऱ्याच्या फ्रेममध्ये आडव्या पट्ट्यांच्या रूपात उमटू शकतात.

आवरताना दोन परिस्थितींत दोन उलट नियम लागतात. काच कोरडी पण थंड असेल तर घरात नेण्याआधी, बाहेरच झाकण लावून पेटी बंद करायची. नाहीतर घरातली दमट कोमट हवा थंड काचेला लागते आणि रात्रभर टाळलेलं दव दारात येतं. पेटी आतल्या तापमानाला आली की मगच उघडायची. काच ओली असेल तर मात्र झाकण अजिबात लावायचं नाही. कोरड्या खोलीत, तोंड किंचित खाली करून, उघडीच वाळू द्यायची. ओली काच बंद पेटीत राहिली तर तिच्यावर बुरशी धरते आणि ती लेप खाते. त्या रात्री नळी ओली, काच कोरडी होती. नळी पुसली, काचेला झाकण लावलं, आणि घरी पोचल्यावर काही तासांनी सगळं उघडं ठेवलं.

या मांडणीच्या कक्षेबाहेर राहणारी एक परिस्थिती आहे. हवा आणि दवबिंदू यांतलं अंतर पार मिटलं की जमिनीलगत धुकं धरतं. तेव्हा हीटर काच कोरडी ठेवतो, पण प्रकाश काचेपर्यंत पोचण्याआधीच विखुरलेला असतो. ते नोंदींमध्ये ओळखता येतं: दोन्ही दुर्बिणींचे आकडे एकाच वेळी घसरतात आणि काचेचं तापमान मात्र ठरवलेल्या जागी असतं. स्नेह्यांनी आता आपल्या सॉफ्टवेअरमध्ये तशी अट घातली आहे. अंतर अर्ध्या अंशाच्या आत आलं आणि सलग तीन फ्रेम्समध्ये ताऱ्यांची संख्या निम्म्यावर गेली, की माउंट दुर्बिणीला आडवी करून थांबतो, कॅमेरा हळूहळू सामान्य तापमानाला येतो, आणि हीटर चालूच राहतात.